मोठ्याचं नाव आता पटत नाही, धाकट्याचं कसं ठेवू?

नाशिकहून एका ताईंचं पत्र आलं आहे. वय चौतीस, नोकरी करतात. मुलगा चार वर्षांचा आहे आणि दुसऱ्या खेपेचा सातवा महिना चालू आहे. पहिल्या वेळी नवरा-बायकोने फोनवर याद्या चाळून 'कुणाचंच नसलेलं' नाव शोधलं होतं. (खरं नाव इथे देत नाही, त्याच घाटाचं 'रिवांश' धरू.) यादीत अर्थ दिला होता 'सूर्याचा अंश'. चार वर्षांत ते नाव ताईंच्या मनातून पार उतरलं. बालवाडीत एक शिवांश, एक रेयांश आणि दोन रुद्रांश आहेत. दवाखान्यात कंपाउंडरने नाव पुकारलं की दोन-तीन आया एकदम उठतात. आता त्यांना जुनी, साधी नावं आवडू लागली आहेत. मुलगी झाली तर आपल्या आजीचं 'गोदावरी', हाकेला गोदा, आणि मुलगा झाला तर केशव. नवरा म्हणतो, "एक ॲपमधला आणि एक आजीच्या ट्रंकेतली, ही भावंडं वाटतील का?" सासूबाईंच्या मते गोदा हे म्हातारीचं नाव, शिवाय नाव नक्षत्राच्या अक्षरावरूनच हवं. ताईंचे प्रश्न दोन. मोठ्याचं नाव पहिलीत जायच्या आत बदलून टाकावं का? आणि चार वर्षांत आवड इतकी पालटली, तर आजच्या आवडीचा तरी काय भरवसा?

ताई, नमस्कार.

दुसरा प्रश्न आधी घेते, कारण पहिल्याचा पाय त्यातच अडकलाय.

पत्रात एके ठिकाणी तुम्ही लिहिलंय, "तेव्हा आम्हाला अक्कलच नव्हती." अक्कल होती हो. मूल नव्हतं, एवढंच. पोटातल्या बाळाचं नाक पुसावं लागत नाही, ते उलट्या चपला घालून जिना उतरत नाही, डब्यातली भाजी बाकाखाली टाकत नाही. अशा न पाहिलेल्या माणसासाठी आपण नाव शोधतो तेव्हा खरं तर एक छानसा शब्द शोधत असतो. दिसायला सुबक, अर्थाला भारदस्त आणि चुलत घरात कुणी आधी न पळवलेला. तो शोधतोही डोळ्यांनीच. रात्री अकराला, अंथरुणात पडून, फोनच्या उजेडात. 'रिवांश' हे नाव तुम्ही दोघांनी मोठ्याने पहिल्यांदा कधी उच्चारलंत, आठवतंय? माझा अंदाज, थेट बारशाला. आत्याने कानात कुर्रर्र केलं, त्यानंतर.

मग मूल येतं आणि त्या शब्दाची हाक होते. दूध पी म्हणून हाक, खाली उतर म्हणून हाक, तापात डोळे मिटले की कानाशी हळू हाक. कागदावर गोजिरं दिसलेलं नाव तोंडात कसं वागतं, हे याआधी कळायला मार्गच नसतो.

आणि मराठीत हाक मारायची म्हणजे शेवटचा स्वर ताणायचा. गच्चीवरून, अंगणातून, घसरगुंडीच्या खालून. आपल्या संबोधनाने हे काम आधीच सोपं करून ठेवलंय. केशवचा 'केशवाऽऽ' होतो, गोदाची 'गोदेऽऽ' होते आणि आवाज पार कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंत जातो. 'रिवांश'ला शेवटी ताणायला काही नाही. 'श'पाशी टायरमधली हवा जाते तसं होतं. 'रिवांशा' म्हणून पाहा, संगीत नाटकातला राजपुत्र विंगेतून येईल असं वाटतं. म्हणून तर तुमच्या घरात त्याचा 'रिवू' झाला आणि पूर्ण नाव फक्त रागावल्यावर निघतं. हे तुम्हीच लिहिलंय, मी मनचं सांगत नाही. आता गंमत बघा, जे नाव फक्त रागावतानाच तोंडात येतं ते चार वर्षांनी कानाला गोड कसं लागणार?

दुसरं कारण आणखी साधं आहे. मूल होईपर्यंत आपण इतरांची मुलं फारशी बघतच नाही. मूल झालं की बागेत, दवाखान्यात, वाढदिवसांना शेकडो मुलं भेटतात आणि प्रत्येक जण आपापल्या नावाला काही तरी चिकटवून जातो. एखाद्या अर्णवने आपल्या लेकराचा दंड कडकडून चावलेला असतो, तेव्हापासून अर्णव हे नाव बाद. मी एका बाईंना ओळखते, त्यांनी 'ओवी' हे ठरलेलं नाव ऐन वेळी टाकलं, कारण खालच्या मजल्यावरची ओवी दिवसभर भोंगा लावायची. यात अक्कल नसण्याचा किंवा असण्याचा संबंध नाही. नावं माणसांना चिकटतात तशी माणसंही नावांना चिकटतात.

आणि वेगळेपणाचं म्हणाल, तर तुमची फसगत एकट्याची नाही. वेगळं नाव शोधायला ज्या यादीत तुम्ही गेलात, तिथेच तुमच्या वयाचे बाकीचेही गेले. पूर्वी एका वर्गात चार संगीता असायच्या, मग बाईंनी संगीता जोशी, संगीता कांबळे असं म्हणायचं. आता नावं चार वेगळी आहेत, पण शेपूट एकच. एकवेळ चार संगीता बऱ्या, निदान प्रत्येकीला आपण संगीताच आहोत हे तरी नक्की ठाऊक असायचं.

आता आजच्या आवडीकडे येते आणि इथे मी थोडी टोचणार आहे. तुम्हाला वाटतंय की तुम्ही फॅशनमधून बाहेर पडलात. मला दिसतंय ते असं की तुम्ही पुढच्या फॅशनच्या रांगेत बऱ्याच पुढे उभ्या आहात. रमा, मुक्ता, जिजा, मीरा, यशोदा, मल्हार, केशव ही नावं माझ्या कानावर पुन्हा पडू लागली आहेत, आणि पाळण्याजवळच पडताहेत. जुनं म्हणजे अस्सल आणि अस्सल म्हणजे न बदलणारं, असं काही नसतं. विचार करा, जुनंच हवं तर सुनीता का नको? वंदना, अनिता, शोभा का नकोत? कारण ती आईची, मावशीची, बँकेतल्या काउंटरपलीकडच्या मॅडमची नावं. त्यांच्याशी आपले हिशेब अजून चालू आहेत. आजीच्या नावाशी आपला हिशेब नसतो, तिथे फक्त मांडी असते. आणखी तीस वर्षांनी नाशिकमधलीच एखादी सून म्हणेल, "वंदना! किती गोड आणि जुनं!" आणि तिची सासू, म्हणजे कदाचित कुणी तरी आर्वी, नाक मुरडेल.

त्यातून एक खोलातली गोष्ट. मुलाचं नाव आपल्या आवडीचं असावं, हा विचार मुळात फार जुना नाही. ज्या घरांत मुलं जगत नसत तिथे धोंडू, दगडू, केरू, भिकाजी अशी नावं ठेवत, दृष्ट लागू नये आणि यमाला हे पोर नेण्याजोगं वाटू नये म्हणून. आजोबांचं नाव नातवाला दिलं की सुनेला सासऱ्याचं नाव तोंडाने घेता येईना, म्हणून त्या मुलाला सगळे बाळ, अप्पा, नाना म्हणत आणि तो सत्तरीतही 'बाळ'च राहत असे. याची काळी बाजूही आपल्याच मातीतली. मुलगी नको असताना झाली म्हणून तिला 'नकोशी', 'नकुसा' म्हणून ठेवायचं. २०११ च्या ऑक्टोबरात सातारा जिल्ह्यात अशा २८५ मुलींचं समारंभाने पुन्हा नामकरण करावं लागलं होतं. त्या मुलींसाठी नाव बदलणं हा श्वास घेण्याचा प्रश्न होता. हे मुद्दाम सांगतेय, कारण तुमच्या पहिल्या प्रश्नाला हीच फूटपट्टी लावायची आहे.

रिवांशच्या नावात त्याला इजा करणारं काही आहे का? मुलं चिडवतात, मराठीत वाईट अर्थ निघतो, त्याला स्वतःला ते सांगताना लाज वाटते, असं काही? तुमच्या पत्रात एवढं दिसलं की तो फ्रिजवर खडूने 'रि' काढतो, वेलांटी उलट्या बाजूला, आणि आल्यागेल्याला हात धरून दाखवायला नेतो. ताई, ते नाव आता तुमच्या मालकीचं राहिलेलं नाही. तुम्हाला ते जुनं झालंय, त्याला ते नवं कोरं आहे.

अर्थाची खंतही तुम्ही लिहिलीय, म्हणून व्याकरणापुरतं बोलते. रेवा म्हणजे नर्मदा, त्यामुळे 'रेवांश' कुणी म्हटलं तर नर्मदेचा अंश असा अर्थ लावता येईल. सूर्य तो रवी. रवि आणि अंश यांचा संधी इत्यादी, अत्यंत यांच्या चालीने केला तर 'रव्यंश' होतो आणि ते नाव कुठल्याच आईने पाळण्यात घातलं नसतं. म्हणजे तुम्हाला यादीने जो अर्थ दिला तो तिने दिलेला, भाषेने नव्हे. (वाचकांपैकी कुणी आत्ता अशा याद्या चाळत असेल तर अर्थ एकदा संस्कृतच्या शब्दकोशात किंवा संस्कृत शिकवणाऱ्या एखाद्या बाईंकडे पडताळून घ्या, दहा मिनिटांचं काम आहे.) पण अर्थ चुकला म्हणून मूल चुकत नाही. 'रिवांश' या शब्दाला चार वर्षांत एकच अर्थ आलाय आणि तो फ्रिजजवळ उभा आहे.

तरी कागदोपत्री काय लागतं तेही सांगते, कारण असे विचार बऱ्याच घरांत चालू असतात. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा आहे. दाखल्यावर नाव एकदा चढलं की आवड बदलली म्हणून ते खोडून दुसरं घालता येत नाही. कलम १५ मध्ये दुरुस्ती आहे, पण ती चुकून झालेल्या नोंदीची. मन पालटणं ही चूक धरत नाहीत. मग उरतो राजपत्राचा रस्ता. म्हणजे अर्ज, आधीच्या नावाचे पुरावे, महाराष्ट्र शासन राजपत्राच्या भाग दोनमध्ये प्रसिद्धी आणि त्यानंतर आधार, बँक, असेल तर पासपोर्ट, असा एकेक कागद मागे लागून बदलायचा. आधारवरचं नाव जन्मभरात दोनदाच बदलता येतं, त्यातली एक संधी त्याच्या चौथ्या वर्षीच तुम्ही खर्च करणार. करायचंच असेल तर शाळेच्या जनरल रजिस्टरला नाव लागायच्या आधी करणं सोयीचं, एवढा तुमचा हिशेब बरोबर आहे. पण माझं मत विचारलंत तर करू नका. अठराव्या वर्षी त्याला नाही आवडलं तर तो बदलेल, तेव्हा त्याच्यासोबत रांगेत उभ्या राहा.

आता ज्या ओळीसाठी मी हे पत्र उत्तराला घेतलं ती ओळ. पत्र संपून सही झाल्यावर, खाली, वेगळ्या शाईत तुम्ही लिहिलंय, "आजी गेल्या फाल्गुनात गेली. तिला त्याचं नाव शेवटपर्यंत नीट घेता आलं नाही. ती त्याला रवी म्हणायची."

पानभर कारणं लिहून झाल्यावर खरं कारण बऱ्याचदा असं ताजा कलम म्हणून येतं. आजी जाऊन अजून वर्ष व्हायचंय. तिचं वर्षश्राद्ध आणि तुमचं बाळंतपण यांत फार तर काही आठवड्यांचं अंतर असेल. अशा वेळी 'गोदा' हे नाव तुम्हाला आवडलंय की आजीला परत आणायचंय, हे दोन्ही एकमेकांत इतकं मिसळलेलं असतं की वेगळं करता येत नाही. वेगळं करायलाच हवं असंही नाही. पूर्वी लोक उघडच म्हणत, "आजी पोटी आली." फक्त एक भीती सांगते. ते पोर तुमच्या आजीसारखं शांत, सोशिक, हाताला चव असलेलं निघेलच असं नाही. ते किंचाळेल, थुंकेल, भावाला ओरबाडेल आणि तुम्ही वैतागून ओरडाल, "गोदेऽ, मुस्काट फोडीन!" आजीचं नाव घेऊन असं ओरडायची तयारी आहे का? हसू नका, ही खरी परीक्षा आहे. माझ्या ओळखीच्या एका घरात सासूबाईंचं नाव नातीला ठेवलं आणि सुनेला मुलीवर रागावताच येईना. शेवटी 'चिमे' म्हणू लागली आणि मोठं नाव कपाटात गेलं.

आणि मोठ्याच्या नावावरचा तुमचा राग? मला वाटतं त्याच्या तळाशी हेच आहे की आजीच्या तोंडात न बसणारं नाव तुम्ही ठेवलंत. हे मनाला लागतं, मान्य. पण आजीने त्यावर तोडगा काढला होता, आणि तोही काय बघा. यादीतल्या सूर्याचा अंश शोधत तुम्ही कुठून कुठे फिरलात, आजीने सरळ सूर्यच उचलला. तिने तुमच्या नावाला नावं ठेवली नाहीत, तिच्या जिभेला झेपेल असा त्याचा गाभा काढून घेतला. तुमच्या मोठ्या मुलाकडे आजीने दिलेलं नाव आधीपासून आहे. धाकटीसाठी तुम्ही जे शोधताय ते.

माझ्या आजीचं सांगते. ती माहेरची द्वारका. लग्नात ताटात तांदूळ पसरून त्यात अंगठीने 'लक्ष्मी' लिहिलं आणि त्या संध्याकाळपासून ती लक्ष्मी झाली. आवडलं का, हे कुणी विचारलं नाही. साठ वर्षं रेशनकार्डावर लक्ष्मी, उखाण्यात लक्ष्मी, मतदार यादीत लक्ष्मी. पण भाऊबीजेला तिचा थोरला भाऊ यायचा, ओटीवर पिशवी टेकवून आत न बघताच म्हणायचा, "द्वारके, पाणी आण." ही चुलीपुढून उठायची ती लाटणं हातात तसंच घेऊन, पीठ सांडत. मी तिला एरवी धावताना कधी पाहिलं नाही. त्या हाकेला कुठला दाखला नव्हता.

तेव्हा कागदावर रिवांश असू दे. घरात 'रवी' म्हणून बघा. त्याने ओ दिली तर चालू ठेवा, नाही दिली तर सोडून द्या, जबरदस्ती नको. चार वर्षांची मुलं नावाच्या बाबतीत एक तर फार उदार असतात किंवा कट्टर असतात, तुमचा कुठल्या जातीचा आहे ते दोन दिवसांत कळेल. आणि आजी त्याला रवी का म्हणायची, हे त्याला सांगा. सांगताना रडू आलं तर येऊ द्या.

आता दुसऱ्या बाळाकडे.

नवऱ्याचा आक्षेप मला फारसा जड वाटत नाही. भावंडांची नावं जोडीने घेतं कोण? मुंजीची पत्रिका आणि आई. जोडीची नावं ठेवणाऱ्या घरांत मी राहिलेय, तिथे आई एकाला वाढायला बोलावते आणि दोघंही येत नाहीत, कारण दोघांनाही वाटतं दुसऱ्याला बोलावलं. शिवाय ही जुळवाजुळव सरकारनेच आधी मोडून ठेवलीय. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळांच्या सरकारी कागदांवर बाळाचं नाव, मग आईचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव असा क्रम महाराष्ट्रात बंधनकारक आहे. तुमचा मोठा त्याआधीचा, त्याच्या कागदांवर तुम्ही मधल्या जागी नाही. धाकट्या बाळाच्या कागदांवर असाल. तेव्हा दोघांचे कागद शेजारी ठेवले तर नावांच्या आधी हाच फरक डोळ्यात भरेल. नवऱ्याला एवढं दाखवा आणि मग विचारा, गोदा खटकतंय की तुमचं नाव आधी आलेलं खटकतंय? (थट्टा करतेय. बहुधा.)

यातून एक कामाची गोष्ट मात्र निघते, आणि ती आता बाळाची वाट पाहणाऱ्या सगळ्यांसाठी आहे. नाव एकटं म्हणून बघू नका, चारही शब्द एका दमात म्हणा. दहावीच्या बक्षीस समारंभात माइकवरून म्हणतील तसं. 'गोदावरी'नंतर लगेच तुमचं नाव येणार आहे. दोन्ही चार-चार अक्षरांची असतील तर पुकारणाऱ्याला धाप लागेल, आणि एकाचा शेवट नि दुसऱ्याची सुरुवात एकाच अक्षराची असेल तर दोन्ही नावं एकमेकांत चिकटतील.

दुसरं, नाव विभक्ती लावून वापरा. आठवडाभर घरात त्या नावाने न जन्मलेल्या बाळाबद्दल बोला. गोदाचं दुपटं, गोदाला डॉक्टरांकडे न्यायचंय, केशवने रात्रभर जागवलं. तोंडाला वळण लागतं की प्रत्येक वेळी लाजल्यासारखं होतं, ते बघा. तुमच्या पहिल्या खेपेला नेमकं हेच राहून गेलं होतं.

तिसरं, चिडवण्याचं नाव आधीच शोधा. 'गोदा' ऐकल्यावर मला पहिल्याच मिनिटात 'गोदाम' सुचलं. चौथीच्या पोरांना तेवढाही वेळ लागणार नाही. घाबरून नाव रद्द करू नका, चिडवता येणार नाही असं नाव अजून कुणी काढलेलं नाही. फक्त ते ऐकून तुम्हाला हसू येतंय की पोटात गोळा येतोय, ते तपासा. इंग्रजी स्पेलिंगचंही बघून ठेवा. आपला 'द' आणि 'ड' तिथे एकाच अक्षरात राहतात, त्यामुळे नाशिकबाहेर तिची 'गोडा' होणार हे धरूनच चाला. म्हणून माझा कल कागदावर पूर्ण 'गोदावरी' घालण्याकडे आहे. नदीचं नाव म्हटल्यावर देशात कुणीही बरोबर वाचेल आणि मोठेपणी तिला लहान करायचं की पूर्ण ठेवायचं ते तिचं ती बघेल.

सासूबाईंचे दोन मुद्दे आहेत, दोन्ही वेगवेगळे हाताळा. 'म्हातारीचं नाव' हा आवडीचा मुद्दा आहे, त्यावर वाद घालू नका. एवढंच सांगा की तमिळनाडूतल्या वैष्णवांची लाडकी संतकवयित्री आंडाळ, तिचंही नाव गोदा, आणि तिची कथा ऐन तारुण्यातली आहे, म्हातारपणाची नव्हे. नक्षत्राचा मुद्दा श्रद्धेचा आहे, तिथे चेष्टा नको. सत्तावीस नक्षत्रांचे चार-चार चरण धरले की एकशेआठ अक्षरं होतात, आणि त्यांत हस्ताच्या तिसऱ्या चरणाला 'ण', चौथ्याला 'ठ' येतो. 'ण'वरून नाव ठेवायचं म्हणजे पंचाईतच. म्हणूनच आपल्याकडे पत्रिकेतलं नावरस नाव वेगळं आणि व्यवहारातलं वेगळं ही सोय पूर्वीपासून आहे. ते नाव निवडायचा मान सासूबाईंना द्या, मनापासून द्या. पत्रिकेत ते राहील आणि घरात एक रुसवा कमी होईल.

आणि घाई करू नका. बाराव्या दिवशीच नाव हवं ही रीत आहे, कायदा नाही. जन्माची नोंद २१ दिवसांत व्हावी लागते, पण ती नावाशिवाय होते. प्रसूतीनंतर फॉर्म पुढे आला की गडबडीत काही तरी लिहू नका, नावाची जागा रिकामी सोडता येते. मग बारा महिन्यांत नाव विनाशुल्क घालता येतं, आणि त्यानंतरही १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. वर्षभर कुणी थांबू नये, आधार आणि इतर कागद अडतात. पण पाच-सहा आठवडे थांबायला काहीच हरकत नाही. बाळाचं तोंड बघून, दोन-चार रात्री जागून, हाका मारून मग ठरवा. तुमची आवड बदलते याची तुम्हाला धास्ती वाटतेय ना? मग ती बदलायची वेळच अशी निवडा की कागद अजून कोरा आहे. वाचकांपैकी ज्यांचं बाळ वर्षाच्या आतलं आहे, दाखल्यावर नाव अजून चढलेलं नाही आणि ठरवलेलं नाव आता खुपतंय, त्यांना मी वेगळं सांगेन. आजच बदला, लोक चार दिवस बोलतील.

एवढं करूनही चार वर्षांनी 'गोदा'चा कंटाळा येणार नाही, अशी खात्री मी देत नाही. कदाचित येईल. तोवर तीही फ्रिजवर काही तरी उलटं काढत असेल आणि तुम्हाला नावाकडे बघायला फुरसत नसेल.

मुलगा की मुलगी ते आपल्याकडे आधी कळत नाही हे बरंच आहे, त्यामुळे केशवचीही तयारी ठेवा. त्याच्याबद्दल तुमच्या पत्रात जेमतेम दोन ओळी आहेत, गोदाबद्दल दीड पान. केशव आला तर त्याला उसनं नाव मिळाल्यासारखं होऊ नये. त्याच्यावरही आठवडाभर बोला.

शेवटची एक सूचना, पटली तर. बारशाला बाळाला पाळण्याच्या वरून-खालून देताना 'गोविंद घ्या, गोपाळ घ्या' होईल तेव्हा मोठ्याला बाजूला बसवू नका. नाव सगळ्यांसमोर सांगायच्या आधी ते बाळाच्या कानात त्याला सांगू द्या. तो 'गोदा' म्हणेल की 'गोदी' म्हणेल की मधेच शिंकेल, काही सांगता येत नाही. फक्त आत्याबाईंना हे आधी फोन करून विचारा. कानात कुर्रर्र करायचा मान त्यांचा, आणि मान दुसऱ्याला गेला तरी साडी त्यांनाच द्यावी लागते.